४२ दिवसांचं वेळापत्रक: जेनशिन इम्पॅक्टमधली मुदतीची कामं आणि बक्षिसं कशी सांभाळायची

जेनशिन इम्पॅक्ट या ऑनलाइन गेममध्ये इव्हेंटच्या (मुदतीच्या खास खेळांच्या) पानावर शेवटची वेळ '१२ तारीख, ०३:५९' अशी दिसली, की बरेच जण समजतात १२ची संध्याकाळ आपल्या हातात आहे. ती नसते. एशिया सर्व्हरचं घड्याळ यूटीसी+८ प्रमाणे चालतं, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथले पहाटेचे ०३:५९ म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून १ वाजून २९ मिनिटं. ११ तारखेला रात्री जेवणं उरकून जे काही कराल तेवढंच खरं. १२ला ऑफिसातून घरी येऊन गेम उघडलात तर इव्हेंटच्या जागी रिकामं पान दिसेल.

लाइव्ह सर्व्हिस, म्हणजे सतत नवी भर पडत राहणाऱ्या गेममध्ये बक्षीस हुकतं ते बहुतेक वेळा असंच, कौशल्य कमी पडल्यामुळे नव्हे. जेनशिन २८ सप्टेंबर २०२० ला आला. तेव्हापासून साधारण दर ४२ दिवसांनी नवी आवृत्ती येते, आणि प्रत्येक आवृत्तीत रोजची, आठवड्याची, महिन्याची, इव्हेंटची, पासची (पातळ्या गाठत बक्षिसं मिळवायची योजना) आणि बॅनरची (ठरावीक पात्रं मिळवायची मुदतीची सोडत) अशी वेगवेगळी घड्याळं एकाच वेळी चालू असतात. सगळ्यांच्या मागे धावलं तर गेमची नोकरी होते, आणि तीही बिनपगारी. यातली थोडीच घड्याळं खरी महत्त्वाची आहेत. काही आपोआप साठतात, काही परत येतात आणि काही तर निव्वळ घाई करायला लावण्यासाठी असतात. कोणतं घड्याळ कोणत्या जातीचं, हे एकदा कळलं की रोजची पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

आधी वेळा आपल्या घड्याळात आणा

जेनशिनमध्ये दिवस पहाटे ४ वाजता बदलतो, पण सर्व्हरच्या वेळेनुसार. भारतीय वेळेत एशिया सर्व्हरचा रीसेट रात्री १:३० ला, युरोपचा सकाळी ८:३० ला आणि अमेरिकेचा दुपारी २:३० ला होतो. आठवड्याचा हिशोब सोमवारच्या रीसेटला बदलतो. म्हणजे एशियावर खेळणाऱ्याचा आठवडा रविवारी रात्री उशिरा संपतो, सोमवारी सकाळी नाही.

नव्याने सुरुवात करणार असाल तर सर्व्हर विचार करूनच निवडा. एका सर्व्हरवरची प्रगती दुसऱ्यावर नेता येत नाही. रात्री अकरा-बारापर्यंत खेळणाऱ्यांना एशिया सोयीचा आहे. सकाळी कॉलेजला जाता-जाता डेली (रोजची कामं) उरकणाऱ्यांना युरोपचा रीसेट डोकेदुखी ठरतो, कारण साडेआठ कधी वाजून गेले ते लोकलमध्ये कळत नाही. न्यू जर्सी किंवा लंडनमध्ये असाल तर आणखी एक भानगड आहे. सर्व्हरचं घड्याळ उन्हाळ्यात पुढे-मागे होत नाही, तुमचं होतं. त्यामुळे न्यू जर्सीत हिवाळ्यात पहाटे ४ ला होणारा रीसेट उन्हाळ्यात ५ ला होतो, आणि लंडनमध्ये ३ चा ४ ला.

बॅनरच्या वेळा वेगळ्याच असतात. आवृत्तीचा पहिला टप्पा सर्व्हरच्या १७:५९ ला संपतो आणि दुसरा १४:५९ ला. एशियावर हे आपल्या दुपारचे अनुक्रमे ३:२९ आणि १२:२९. 'शेवटच्या दिवशी रात्री पुल करू', म्हणजे सोडत काढू, म्हणणारे इथेच फसतात. नवी आवृत्ती सहसा बुधवारी येते. सर्व्हर आपल्या वेळेनुसार पहाटे ३:३० ला बंद होतो आणि सकाळी ८:३० च्या सुमारास उघडतो. त्याआधी एक-दोन दिवस प्री-इन्स्टॉल उपलब्ध होतं. ते घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, नाहीतर बुधवारचा अख्खा डेटा पॅक त्यातच जाईल.

फोनच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक आवृत्तीसाठी दोनच नोंदी करा. मोठा इव्हेंट संपायच्या तीन दिवस आधी एक, आणि पास संपायच्या आधीच्या रविवारी दुसरी. दहा नोंदी केल्यात तर आठवड्याभरात सगळ्यांकडेच दुर्लक्ष करायला लागाल.

रेझिन: साठतं, पण एका हद्दीपर्यंत

कलाकृती (पात्रांना चढवायची साधनं), टॅलेंटची (पात्रांच्या कौशल्यांची) पुस्तकं, बॉसकडून म्हणजे मोठ्या शत्रूंकडून मिळणारा माल, या सगळ्यासाठी रेझिन (गेममध्ये खर्चायची ऊर्जा) लागतं आणि ते दर ८ मिनिटांना एक या हिशोबाने भरतं. दिवसाला १८० होतं. हद्द २०० ची. ही टाकी भरली की पुढचं पाणी वाहून जातं, ते परत मिळत नाही.

हा २०० चा आकडा समजून घेण्यासारखा आहे. जून २०२४ मधल्या ४.७ आवृत्तीपर्यंत हद्द १६० होती. रात्री ९:३० ला रेझिन शून्यावर आणलं, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६:५० लाच ते भरायचं, आणि पुन्हा साडेनऊला बसलात तर मधलं २० वाया गेलेलं असायचं. रोज ठरलेल्या वेळी एकदाच खेळणाऱ्याचं नुकसान ठरलेलंच होतं, म्हणून लोक दिवसातून दोनदा गेम उघडायचे. आता शून्यापासून २०० व्हायला २६ तास ४० मिनिटं लागतात. साडेनऊला संपवलेलं रेझिन दुसऱ्या दिवशी रात्री १२:१० ला भरतं. म्हणजे रोजच्या बैठकीला अडीच तासांहून जास्त उशीर झाला तरी काही वाया जात नाही. तेव्हा दुपारी मध्येच 'रेझिन भरत आलं असेल' म्हणून गेम उघडायची सवय असेल, तर ती १६० च्या काळातली आहे. सोडून द्या. शंका वाटलीच तर गेमच्या कंपनीच्या होयोलॅब ॲपमध्ये रेझिनचा चालू आकडा दिसतो, त्यासाठी गेम उघडावा लागत नाही.

रेझिन कशावर खर्च करायचं हे बैठकीला बसण्याआधीच ठरलेलं असावं. आठवड्याचे पहिले तीन मोठे बॉस ३० रेझिनमध्ये होतात आणि चौथ्यापासून ६० लागतात. म्हणून दर आठवड्याला हे तीन आधी. त्यानंतर जे पात्र सध्या वाढवताय त्याचा बॉस, मग टॅलेंटची पुस्तकं, आणि काहीच सुचत नसेल तर कलाकृतींचं डोमेन (लढून माल मिळवायची जागा). टॅलेंटचं प्रत्येक पुस्तक आठवड्याच्या ठरावीक वारीच मिळतं, रविवारी मात्र सगळी डोमेन खुली असतात. त्यामुळे वारांचा गुंता नको असेल तर पुस्तकांचा कार्यक्रम रविवारीच ठेवा.

दोन-तीन दिवस खेळायला जमणार नसेल तर कंडेन्स्ड रेझिन (साठवून ठेवायचं रेझिन) करून ठेवता येतं, पण एका वेळी पाचच बाळगता येतात. फ्रॅजाइल रेझिनला, म्हणजे हवं तेव्हा वापरायच्या राखीव रेझिनला, मुदत नाही. नवे खेळाडू ते हाती पडलं की लगेच उडवतात. थांबा. वरच्या वर्ल्ड लेव्हलला (गेममधल्या जगाच्या अवघडपणाच्या पातळीला) तेवढ्याच रेझिनमध्ये जास्त माल मिळतो, शिवाय नवं आवडतं पात्र एका रात्रीत उभं करायचं असेल तेव्हा हाच साठा कामी येतो. प्रिमोजेम (थोडक्यात प्रिमो, पुल करायला लागणारं चलन) देऊन रेझिन भरण्याचीही सोय गेममध्ये आहे. पैसे न घालणाऱ्याने त्या बटणाच्या वाटेला जाऊ नये.

डेली: न साठणारी कामं

रोज चार कमिशन (छोटी कामं) असतात. प्रत्येकाचे १० प्रिमो, आणि चारही झाल्यावर ॲडव्हेंचरर्स गिल्डच्या कॅथरीनकडून आणखी २०. दिवसाचे झाले ६०. एक दिवस चुकला की ते ६० गेले, उद्या १२० मिळत नाहीत. ४२ दिवसांचे होतात २,५२०, म्हणजे एका पुलला १६० प्रिमो या भावाने पावणेसोळा पुल.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचा. रोज नेमाने केलं तर खासा मोठा आहे. पण एखादा दिवस हुकला तर नुकसान एका पुलच्या निम्म्याहूनही कमी. 'आजचं राहिलं' म्हणून रात्री सव्वा वाजता डोळे चोळत फोन उचलण्याइतकं त्यात काही नाही. परीक्षा आहे, घरी गणपती बसलेत, गावी जायचंय, तर खुशाल सोडा.

रोज तीच चार कामं करायचा कंटाळा येतो, हे गेमची कंपनी होयोव्हर्सलाही कळलं, आणि म्हणून एन्काउंटर पॉइंट्स आले. नकाशावर खजिने उघडणं, कथेचे क्वेस्ट, इव्हेंट यांतून हे गुण मिळतात आणि कमिशनऐवजी चालतात. जास्तीचे गुण पुढच्या दिवसांसाठी शिल्लकही राहतात. म्हणून शनिवार-रविवारी निवांत दोन तास भटकंती करा आणि आठवड्यात गेम उघडून फक्त बक्षीस उचला. मात्र गेम उघडावाच लागतो, घरबसल्या काही जमा होत नाही. नवा प्रदेश आला की तो पहिल्या दोन दिवसांत संपवून टाकणाऱ्यांपेक्षा पुरवून पुरवून फिरणाऱ्यांना ही सोय जास्त फळते.

होयोलॅबवरची रोजची हजेरी वेगळी. ती ब्राउझरमधूनही लागते, अर्ध्या मिनिटाचं काम.

आठवडा आणि महिना

इथे फार बोलण्यासारखं नाही, फक्त तारखा लक्षात ठेवा. महिन्याच्या १ तारखेला स्टारडस्टचं (पुल करताना मिळणाऱ्या चलनाचं) दुकान नव्याने भरतं. ७५ स्टारडस्टला एक या दराने पाच इंटरट्वाइन्ड आणि पाच अक्वेंट फेट (पुल करायची तिकिटं) मिळतात. पाच इंटरट्वाइन्ड आधी घ्या, मर्यादित बॅनरवर तेच चालतात. दुकानातला बाकीचा माल बघूही नका. १ तारखेलाच इमॅजिनेरियम थिएटर बदलतं आणि १६ला स्पायरल अबिस, ही दोन्ही लढायांची आव्हानं. अबिसच्या नवव्या ते बाराव्या मजल्यांवर पूर्ण ३६ तारे मिळवले तर ८०० प्रिमो. बारावा मजला जमत नसेल तर अकराव्यापर्यंतचे ६०० घेऊन मोकळे व्हा. बाराव्यासाठी रात्र-रात्र डोकं फोडणाऱ्याला त्या वेळेत तेवढेच प्रिमो एखाद्या न फिरलेल्या डोंगराळ भागातले खजिने उघडून मिळतात, आणि त्या खजिन्यांना मुदत नाही.

इव्हेंट: इथे वेळ घाला

सगळ्या मुदतीच्या कामांमध्ये मिनिटामागे सर्वांत जास्त मोबदला इव्हेंट देतात. छोट्या इव्हेंटला बहुधा ४२० प्रिमो असतात. कमिशनमधून तेवढे मिळवायला सात दिवस लागतात, तर छोटा इव्हेंट सगळे टप्पे उघडल्यावर एका बैठकीत संपतो. 'सगळे टप्पे उघडल्यावर' हे महत्त्वाचं. इव्हेंट रोज एक टप्पा याप्रमाणे उघडतो, पण उघडलेला टप्पा इव्हेंट संपेपर्यंत उघडाच राहतो. रोज हजेरी लावायची गरज नाही. शेवटचा टप्पा उघडल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीला सगळं एकदम करा. फक्त शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. सर्व्हर मंद झाला किंवा घरची लाइट गेली, तर कोणाकडे दाद मागणार?

इव्हेंट हातात घेतला की पुढच्या क्रमाने चला.

पहिल्यांदा बक्षिसांचं पान उघडा आणि प्रिमो कुठे आहेत ते शोधा. बहुतेक इव्हेंटमध्ये प्रिमो सोप्या किंवा मधल्या पातळीवरच मिळून जातात. अवघड पातळीवर मोरा (गेममधली नाणी), खनिजं किंवा एखादं नेमकार्ड (प्रोफाइलला लावायचं चित्र) असतं. ज्याला झुंजायची हौस आहे त्याने जरूर झुंजावं, पण सगळंच मिळवायला अवघड पातळी लागते हा समज चुकीचा आहे.

मग अट बघा. काही इव्हेंट आधीची कथा पूर्ण असल्याशिवाय उघडत नाहीत, पण बऱ्याच ठिकाणी 'क्विक स्टार्ट'चं बटण असतं. ते दाबलं की कथा मागे ठेवून इव्हेंट खेळता येतो. पुढच्या घटना आधीच कळतात, हा त्याचा तोटा. कथा मन लावून वाचणारे असाल तर आधी मुख्य क्वेस्ट संपवा, त्यासाठी इव्हेंटच्या मुदतीतला पहिला आठवडा ठेवा.

तिसरं, दुकान. मोठ्या इव्हेंटमध्ये खेळायची मुदत आणि दुकानाची मुदत अनेकदा वेगवेगळी असते. खेळ संपल्यावरही दुकान काही दिवस चालू राहतं. तिथे सगळ्यात आधी 'क्राउन ऑफ इनसाइट' घ्या. टॅलेंट दहाव्या पातळीवर न्यायला तोच लागतो, आणि तो रेझिन जाळून मिळत नाही. त्यानंतर प्रिमो, मग इव्हेंटमधलं मोफत शस्त्र आणि त्याचं रिफाइनमेंटचं (ते सुधारायचं) साहित्य, मग टॅलेंटची पुस्तकं. मोरा आणि खनिजं शेवटी. चलन उरलं तर घ्या, नाही उरलं तर हळहळू नका.

मोठ्या इव्हेंटमध्ये बऱ्याचदा एक चार तारांचं पात्र फुकट निवडायला मिळतं. ते आमंत्रण वेगळं बटण दाबून घ्यावं लागतं. इव्हेंट पूर्ण करूनही हे बटण न दाबणारे दर वेळी भेटतात. हीच गोष्ट प्रत्येक बक्षिसाची आहे. काम झालं म्हणजे बक्षीस आलं असं नाही, 'क्लेम' दाबल्याशिवाय ते तुमचं नाही. मेलबॉक्समधल्या बक्षिसांनाही मुदत असते. आवृत्ती बदलताना सर्व्हर बंद ठेवल्याची आणि दोष दुरुस्तीची भरपाई म्हणून साधारण ६०० प्रिमो मेलने येतात, ते उघडून घ्या. नव्या आवृत्तीच्या आधीच्या थेट प्रक्षेपणात तीन कोड दिले जातात, मिळून ३०० प्रिमोंचे. त्यांची मुदत फारच कमी असते, तेव्हा प्रक्षेपणाच्या दिवशीच टाकून मोकळे व्हा.

चिनी नववर्षाच्या सुमारास येणारा लँटर्न राइट हा वर्षातला सर्वांत उदार सण. वर्षभर गेम बाजूला ठेवणाऱ्यानेही तेवढा एक धरावा.

काही इव्हेंट खरोखरच परत येत नाहीत. गोल्डन ॲपल आर्किपेलागो नावाचा बेटांचा समूह २०२१ च्या उन्हाळ्यात आला, आवृत्ती संपल्यावर नकाशावरून नाहीसा झाला, २०२२ च्या उन्हाळ्यात वेगळं रूप घेऊन पुन्हा आला आणि पुन्हा गेला. तिथली कथा, कोडी, समुद्रातल्या होडीवरची भटकंती, सगळं त्या-त्या खेळाडूंच्या आठवणीत. मुदतीचा नकाशा आला की बाकी सगळं सोडून आधी तो फिरा. रेझिन वाया गेलं तरी चालेल. माझ्या मते लाइव्ह सर्व्हिस गेमने 'आत्ताच ये' म्हणण्याचं हे एकच प्रामाणिक कारण आहे.

पास शेवटी, वेल्किन सुरुवातीला

पैसे घालायचे असतील तर कधी घालायचे, हाही वेळेचाच प्रश्न आहे, आणि इथले दोन नियम एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

बॅटल पासमध्ये एका पातळीला १,००० गुण लागतात, आणि रोजच्या व आठवड्याच्या मिशनमधून आठवड्याला जास्तीत जास्त १०,००० मिळतात. म्हणजे आठवड्याला दहा पातळ्या. ५० पातळ्यांना पाच पूर्ण आठवडे. आवृत्ती सहा आठवड्यांची आणि पास तिच्या थोडा आधी संपतो, त्यामुळे फार तर एक आठवडा सुटला तर चालतो, दुसरा नाही. पूर्ण मुदतीची जी मिशन असतात, त्यांचे गुण या आठवड्याच्या मर्यादेत धरत नाहीत. मागे पडलेल्याने आधी तिकडे बघावं. शेवटच्या आठवड्यात जाग आली तर कितीही घाम गाळून उपयोग नाही, कारण मर्यादा आडवी येते.

पैशांचा पास मात्र शेवटीच घ्या. आधी गाठलेल्या पातळ्यांची सगळी बक्षिसं पास घेताक्षणी मागच्या तारखेपासून मिळतात. पहिल्या दिवशी घेतला किंवा शेवटच्या रविवारी घेतला, माल तोच. फरक एवढाच, की शेवटच्या रविवारी तुम्हाला तुमची पातळी माहीत असते. त्या पासमधले ६८० प्रिमो ५० व्या पातळीला आहेत. चाळीस-बेचाळीसवर अडकलात तर तेच हातचे जातात, आणि मग उरलेल्या पातळ्या प्रिमोजेम देऊन विकत घ्यायचा मोह होतो. आधी पास घेणारा 'पैसे दिलेत, आता वसूल केलेच पाहिजेत' म्हणून न आवडणारी मिशन करत बसतो. शेवटी घेणारा फक्त हिशोब करतो.

वेल्किन मून, म्हणजे ३० दिवसांची पैशांची योजना, याच्या बरोबर उलट. तो घेतला की लगेच ३०० जेनेसिस क्रिस्टल (पैसे देऊन मिळणारं चलन) आणि पुढचे ३० दिवस रोज ९० प्रिमो. पण ज्या दिवशी गेम उघडला नाही, त्या दिवसाचे ९० बुडाले. म्हणून तो रोज येण्याची खात्री असेल तेव्हाच घ्यावा, आणि हव्या असलेल्या बॅनरच्या महिनाभर आधी. परीक्षेच्या महिन्यात वेल्किन घेणं म्हणजे रोज हजेरीसाठी स्वतःच पैसे भरणं.

दोन्हीसाठी प्ले स्टोअरमध्ये महिन्याचं बजेट लावून ठेवता येतं. ते ओलांडलं की सूचना येते. घरातल्या मुलांच्या हाती फोन असेल तर प्रत्येक खरेदीला पडताळणी चालू ठेवा, नुसत्या सूचनेने खरेदी अडत नाही.

बॅनरचं घड्याळ

सर्वांत मोठ्याने टिकटिकणारं घड्याळ हेच, आणि सर्वांत कमी ऐकण्यासारखंही हेच. पाच तारांच्या पात्राची मूळ शक्यता दर पुलला ०.६ टक्के. ९० पुलच्या आत एक पाच ताऱ्याचं पात्र नक्की, पण ते बॅनरवरचंच असेल याची खात्री नाही. ते चुकलं तर पुढचं नक्की. वाईटात वाईट १८० पुल, म्हणजे २८,८०० प्रिमो.

आता आपली कमाई बघा. रोजची कमिशन २,५२०, भरपाईचे ६००, कोडचे ३०० मिळून ३,४२०, म्हणजे २१ पुल. स्टारडस्टचे पाच धरले तर २६. इव्हेंट आणि अबिस धरून आकडा वाढतो, तरी एका आवृत्तीत १८० कुठेच दिसत नाहीत. म्हणून पात्र ठरवायचं ते दोन-तीन आवृत्त्या आधी, बॅनर सुरू झाल्यावर नव्हे. दिलासा एवढाच, की मोजलेले पुल आणि 'पुढचं नक्की' ही हमी त्याच प्रकारच्या पुढच्या बॅनरवर तशीच चालू राहते. बॅनर संपायला दोन तास राहिलेत आणि ६० पुल झालेत, म्हणून उरलेले ३० विकत घ्यायची काहीही गरज नाही. ते ६० कुठेही जात नाहीत.

पात्रंही बहुतेक परत येतात, कधी येतील ते मात्र सांगता येत नाही. युला नोव्हेंबर २०२१ नंतर थेट जुलै २०२३ मध्ये आली. थांबणाऱ्याची परीक्षाच ती, पण मधल्या काळात तिच्याहून सरस पात्रंही आली.

विक्रीच्या घड्याळावर किती विश्वास ठेवायचा, हे नेदरलँड्सच्या ग्राहक प्राधिकरणाने एका दुसऱ्या गेमच्या बाबतीत तपासलं होतं. मे २०२४ मध्ये त्यांनी फोर्टनाइटच्या एपिक गेम्सला ११ लाख २५ हजार युरोंचा दंड केला. दुकानात २४ तासांचं उलटं घड्याळ दाखवलेल्या काही वस्तू वेळ संपल्यावरही मिळत होत्या, आणि हा दबाव लहान मुलांवर पडत होता, असा ठपका होता. जेनशिनच्या बाबतीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये २ कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. पालकांच्या संमतीशिवाय १६ वर्षांखालच्यांना लूट बॉक्स (आत काय निघेल ते नशिबावर असलेली खरेदी) विकायचे नाहीत, आणि शक्यता व चलनाचे दर स्पष्ट दाखवायचे, या अटी त्यात आहेत.

दुसऱ्या गेममध्ये हेच कसं लावायचं

नवा लाइव्ह सर्व्हिस गेम हाती घेतला की पहिल्याच दिवशी तीन गोष्टी तपासा. रीसेट आपल्या वेळेत किती वाजता, पास संपल्यावर त्यातली बक्षिसं मिळायची बंद होतात का, आणि पास उशिरा घेतला तर मागचं मिळतं का.

डेस्टिनी २ चा आठवडा मंगळवारी रात्री १०:३० ला बदलतो, म्हणजे आपल्याकडे कामाच्या दिवशी झोपायच्या वेळेला. हेलडायव्हर्स २ मधले वॉरबाँड (तिथले पास) आणि हेलो इन्फिनिटमधले पास संपतच नाहीत. घ्या आणि वर्षभराने पूर्ण करा. असे गेम नोकरदार माणसासाठी उत्तम. फोर्टनाइटने डिसेंबर २०१७ मध्ये दुसऱ्या सीझनला बॅटल पास आणला आणि मग सगळ्यांनीच तो साचा उचलला. तिथे आणि बीजीएमआयच्या रॉयल पासमध्येही पास उशिरा घेतला तरी गाठलेल्या पातळ्यांचं मागचं मिळतं, म्हणून 'शेवटी घ्या' हा नियम तिथेही चालतो.

भारतातल्या खेळाडूने आणखी एक घड्याळ धरून चालावं, जे गेममध्ये कुठेच दिसत नाही. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली. तिच्या जागी आलेला बीजीएमआय २८ जुलै २०२२ ला स्टोअरवरून हटवला गेला आणि मे २०२३ च्या अखेरीस परतला. पबजीतले जुने कपडे-बंदुका बीजीएमआयमध्ये आणायलाही मुदत होती, ती ३१ डिसेंबर २०२१ ला संपली. वर्षानुवर्षांचा पास किंवा मोठं चलनाचं पॅक एकदम घेण्याआधी हे आठवा. लागेल तेवढंच घ्या, लागेल तेव्हाच.

सुट्टी घ्यायची असेल तर

महिनाभर गेम बंद ठेवणार असाल तर आदल्या रात्री थोडी आवराआवर करा. मेलबॉक्स रिकामा करा, चालू इव्हेंटचं दुकान उरका, पाच कंडेन्स्ड रेझिन करून ठेवा, पात्रांना एक्सपिडिशनवर, म्हणजे मोहिमेवर पाठवा (ती परत येऊन वाट बघतात, त्यांचं बक्षीस जात नाही), आणि वेल्किन चालू असेल तर तो संपेपर्यंत सुट्टी पुढे ढकलता येते का बघा. स्टारडस्टसाठी १ तारखेला पाच मिनिटं गेम उघडायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी म्हणेन, सुट्टी म्हणजे सुट्टी.

परत आल्यावर पहिला दिवस रेझिन आणि डेलीत घालवू नका. दोन आठवड्यांहून जास्त दूर राहिलेल्यांसाठी 'स्टेलर रियुनियन' नावाची स्वागताची बक्षिसं असतात, पण त्यांनाही मुदत आहे आणि ती तुम्ही परत लॉगइन केल्यापासून मोजतात. तेव्हा परतायचा दिवस असा निवडा, की पुढचे काही दिवस थोडा तरी वेळ हाताशी असेल. आधी रियुनियनचं पान उघडा, मग चालू इव्हेंटची शेवटची वेळ बघा, आणि त्यातून अडीच तास वजा करा.